बत्तीस दाती

खरगपूर समुद्रसपाटीपासून एकोणतीस मीटर.
हे मी वसतिगृहाच्या आधी पाहिलं,
मेसच्या आधी, विषयांच्या यादीच्याही आधी.
नकाशावर बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत
उंचीची एकही रेषा दुसरीजवळ आली नाही.
आणि इथं समर्थ मंदिर मागं टाकलं
की यवतेश्वरचा घाट थेट मांडीतच सुरू होतो.

मुलाखतीत सांगितलं, भूकंप शिकायचेत,
कारण पाटणला मावशीकडं
कपबशा वाजल्या की सगळे आधी गॅसकडं बघतात,
मग एकमेकांकडं,
मग पुन्हा जेवायला लागतात.
पलीकडून कुणीतरी विचारलं, आणि छंद?
मी म्हणाले, चढ.
त्यांना वाटलं आवाज तुटला.

मेचा शेवटचा आठवडा.
गोडोलीची खोली सोडायची,
बाबर काकूंकडं अनामत मागायची
(सायकल टांगायला मारलेल्या खिळ्याचे त्या दोनशे कापणार),
बर्गे सरांची सही, मायग्रेशन, पार्सलची चौकशी,
आणि रविवारी सकाळी साडेसहाला घाटाची शर्यत.
वहीच्या मागच्या पानावर यादी केली
तर शर्यत कशी कोण जाणे, सगळ्यात वर.

फी भरायची शेवटची तारीखही तोच रविवार.
पप्पांनी भिशी उचलली शनिवारी रात्री,
पैसे खात्यावर यायला उजाडलं.
खातं त्यांचं, त्याला जोडलेला मोबाइल नंबर माझा.
चार वर्षांपूर्वी बँकेचा फॉर्म मीच भरला होता.

तीस तीस सेकंदांनी सोडतात एकेकीला.
माझ्यामागं सुमेधा इंगवले, कोरेगावची,
पोलीस भरतीची तयारी करणारी.
तिचा श्वास ऐकू येत नाही, टायर ऐकू येतो.

चौथ्या वळणावर पाठीवरचा खिसा थरथरला.
एकदा मेसेज. मग फोन. मग परत फोन.
म्हणजे वाईच्या नेट कॅफेत पप्पा
चष्मा कपाळावर सरकवून बसलेत
आणि दहातली तीन मिनिटं गेलीत.

थांबले असते तर पाय खाली आला असता.
एका हातात हँडल, एका हातात फोन,
चार
शून्य
नऊ
"सहा का नऊ?"
नऊ, पप्पा, नऊ
सात
"धावतेयस का गं तू?"
एक
"पाचच झाले की."
सुमेधा शेजारून निघून गेली,
जाता जाता ओरडली, "अगं, शेवटचा सांग की त्यांना!"
तीन.

नंतरचा चढ रोजचाच होता.
साताऱ्याची घरं काडेपेट्यांएवढी झाली
तेव्हा मी एकोणतीस मीटरचा हिशेब करत नव्हते.
करत होते, खरं तर. प्रत्येक पॅडलला.

चोवीस मिनिटं सहा सेकंद. चौथी.
मार्चपेक्षा एकोणीस सेकंद जास्त.
फोनवर पप्पा: भरली. पावतीच्या दोन प्रती काढल्या.
कितवी आलीस, विचारलं नाही.
त्यांना अजून वाटतं मी एसटी पकडायला धावत होते.

मंगळवारी जमीर शिकलगारनं सायकल उघडली.
टीव्हीचं खोकं कुठूनसं पैदा केलं,
सीटच्या दांडीवर रेघ मारली, लाल,
बायकोच्या नेलपॉलिशनं.
"जोडणारा तिकडचा असणार. भाषा नाय कळली तरी रेघ कळंल."
मग मागचं चक्र हातात धरून म्हणाला,
"हे बत्तीस दाती काढून घेऊ? सपाटीला उगंच वजन.
इथं एखादी नवी पोरगी येईल, तिला घालतो."

त्याचं बरोबरच होतं.
मी चक्र घेतलं, दात मोजत बसले,
जणू एखादा पडला असेल.
जमीन सपाट दिसते म्हणून काय, म्हणाले,
आत काय चाललंय कुणाला माहीत.
तो हसला. खोक्यात घातलं, चिकटपट्टी ओढली.

माहुली स्टेशनावर पार्सलवाल्यानं लिहिलं:
जुनी सायकल, सुटे भाग.

काकूंनी दोनशे कापलेच.
मी पक्कड घेऊन खिळ्यापाशी गेले
तर म्हणाल्या, पैसे घेतलेत ना आता,
राहू दे तो.
पुढची काहीतरी अडकवेल.